खाजणातली माझी सवत

भर ओहोटीला मी खाजणाच्या तोंडावर बांधलेलं जाळं सोडलं. मासेमारीच्या घरात जन्मले, तशाच घरात दिली, आणि पाणी चढतंय की उतरतंय एवढंही बघितलं नाही. डोळे फुटले होते माझे!

ऐंशीनंतरची ती वर्षं, लग्न नवं. उधाणाबरोबर एक गादा, म्हणजे तुमचा डॉल्फिन, खाडीतून आमच्या खाजणात, बांधाआडच्या भरतीच्या पाण्यात, शिरला. शेपटीला दोरीनं कापलेलं. आमच्या ह्यांनी तोंडाशी जाळं बांधून त्याला आतल्या डोहात ठेवलं. "जखम भरली की सोडतो," म्हणाले. जखम भरली, पण सोडायचं नाव नाही.

रोज दुपारी जाळ्यातल्या ताज्या बोयी त्याला. मला टोपलीच्या तळाच्या, पोट फुटलेल्या. वर जेवताना कौतुक: "चोच काय लांब, निमुळती! पाठीवर उंचवटा, त्यावर इवलासा पंख. पोटाला गुलाबी झाक." मी नवी चोळी घालून वाढत होते, ती कुठल्या रंगाची, विचारा! सासूबाई म्हणाल्या, "अगो, तो मासा आहे." मी म्हटलं, "नर की मादी, कोणी बघितलंय?"

हे बाजारात गेलेले बघून मी गेले. गाठी सोडल्या, काठीनं पाणी बडवलं. "चल, नीघ!" निघाली की सवत. पण खाजणाच्या तोंडाशी पाणी संपलं, आणि ती चिखलात रुतून बसली.

डोक्यावरच्या भोकातून फुस्स करून श्वास सोडला तिनं. हात लावला तर अंग ऊबदार, सोललेल्या उकडल्या अंड्यासारखं गुळगुळीत. ऊन लागून पाठ सुकायला लागली तशी माझी पाचावर धारण बसली. पदर फाडून भिजवला, पाठीवर घातला. चुकून भोकावर गेला, तर अशी फुसकारली की मीच चिखलात बसले. मग भोक मोकळं ठेवून, डोहातलं पाणी कळशीनं आणून ओतत राहिले. "नको गो मरू, बाय. बोयी खा हव्या तेवढ्या, पण मरू नको."

तिन्हीसांजेला भरती आली. पाणी पोटाखाली शिरलं, तिनं शेपटी आपटली आणि खाडीत गेली. मागे वळून बघितलं नाही मेलीनं.

मी वळले, तर हे बांधावर बसलेले. कधीपासून, देव जाणे. आता हात उगारतात की रडतात, मला कळेना. घसा खाकरून म्हणाले, "मला कधी एवढ्या मायेनं आंघोळ घातली नाहीस!"