भाऊ विकणारी किंगरी

चार माणसं दर आठवड्याला एका गादीवर बसली की किस्से आपोआप साचतात. आमच्यात तर पाचवीही होती, आणि ती अस्तित्वातच नव्हती!

झालं असं, की वैशाली कादंबरी लिहीत होती. ती फिजिओथेरपिस्ट, हिंगणघाटहून सावंगीच्या हॉस्पिटलात रोज अपडाऊन करते. कादंबरी पोरासोरांसाठी, जादूच्या राज्यातली. नायिका सोळा वर्षांची किंगरी. खोटारडी, आपमतलबी, तोंडानं फटकळ. बाजार बंद असतो त्या दिवशी मनोहरभाऊंच्या कापडदुकानात शटर अर्धं ओढून वैशाली नवं प्रकरण वाचायची. ऐकायला मनोहरभाऊ, शाळेतून रिटायर झालेल्या कमलकाकू आणि मी. माझं चष्म्याचं दुकान समोरच आहे.

*

पहिलंच प्रकरण. किंगरीच्या राज्यात ढगांचं जिनिंग चालतं. आपण कापसातून सरकी काढून रुई वेगळी करतो, तसा तिथे ढगातून पाऊस काढतात. शेवटी किंगरी स्वतःची सुटका करून घ्यायला धाकट्या भावाला जिनिंगच्या मालकाला विकून टाकते. वैशाली थांबली. आता सगळे हादरणार!

मनोहरभाऊ म्हणाले, "पाऊस म्हंजे सरकी, तं मंग रुई कुठी गेली?"

काकूंच्या माहेरी जिनिंग होतं. त्या म्हणाल्या, "अन ओला ढग मशीनमधी कसा जाईन? आधी वाळवा लागंल ना!"

मग मलाही राहवेना. मी जिनिंगमध्ये लागणाऱ्या आगीचा मुद्दा काढला. चहा आला, संपला, रुईच्या गाठी बांधण्यापर्यंत गाडी गेली. शेवटी वैशाली ओरडली, "अहो, तिनं सख्खा भाऊ विकला!"

मनोहरभाऊ दचकले. "अरे बापरे! परत नाई घेता येत का त्याले?"

वैशालीनं त्यांच्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही!

*

काकूंना किंगरी डोळ्यांसमोर नको असायची. "आधी त्या पोरीले माफी मागाले लाव," हे त्यांचं दर वेळचं. पण पुढं काय झालं हे विचारायला भर ड्युटीत फोनही त्यांचाच! एकदा वैशाली एका आजोबांचा गुडघा वाकवत होती. फोन स्पीकरवर होता.

"काकू, पेशंट आहे समोर. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं."

"गुडघा राहू दे, भाऊ सुटला का?"

दुसऱ्या दिवशी आजोबांनीच विचारलं, "मॅडम, भाऊ सुटला का?" एरवी व्यायाम म्हटलं की हे आजोबा झोपेचं सोंग घ्यायचे. वैशालीनं सौदा केला. जेवढा गुडघा वाकेल तेवढी गोष्ट. गुडघा असा सुधारला, की डॉक्टर लवकर डिस्चार्ज द्यायला निघाले. आजोबा हात जोडून म्हणाले, "दोन दिवस ठेवा ना साहेब! ते पोरगी आत्ताच राजवाड्यात घुसून राह्यली."

*

किंगरी इतकी का खटकते, हे शोधायला काकूंनी एकदा तिला बघायचा कार्यक्रमच ठेवला. घरून पोहे करून आणले. वैशाली झाली किंगरी, काकू मुलाची आई.

"सैपाक येते का?"

"येतो. पण तुम्हाला वाढणार नाही."

"घरच्यांशी कसं जमते?"

"भावाला विकलं."

"पस्तावा?"

"अजून नाही."

काकू पदरानं घाम पुसायला लागल्या. मनोहरभाऊ पोहे खाता खाता म्हणाले, "काकू, मी तं म्हनतो होकार देऊन टाका. पाह्याच्या कार्यक्रमात इतकं खरं बोलनारी मी पह्यलीच पाह्यली!"

*

माझी तनू दहावीत आहे. वैशालीनं माझ्या मोबाईलवर पाठवलेली सगळी प्रकरणं तिनं वाचली. मी बापाच्या अधिकारानं विचारलं, "तुले आवडते का ते किंगरी?"

"नाई."

"मंग काऊन वाचून राह्यली?"

"ते किती बी वाईट वागली, तरी गोष्ट तिचीच राह्यते ना बाबा. मी वाईट वागली की तुम्ही बोलनंच बंद करता."

वाईट वाटलं, खरं सांगतो.

*

मग पुण्याच्या एका प्रकाशकाचा फोन आला. वैशालीनं कादंबरी पाठवली होती त्या बाकीच्यांनी उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. हे छापायला तयार होते, पण एका अटीवर. नायिका वाचकांना आवडायला हवी. शेवटी तिनं भावाची माफी मागायची. नाहीतर पुस्तक नाही.

वैशालीला ते पुस्तक फार हवं होतं. सावंगीच्या बसमध्ये मांडीवर पर्स ठेवून तिनं ते लिहिलं होतं. तिनं माफीचं प्रकरण लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. किंगरी गुडघे टेकते, रडते, माझं चुकलं म्हणते. भाऊ तिला मिठी मारतो.

आम्ही काकूंकडे पाहिलं. त्यांच्या मनासारखं झालं होतं ना! काकूंनी चहाचा कप खाली ठेवला, उठल्या आणि चपला घातल्या.

"काऊन काकू, काय झालं?" मनोहरभाऊ म्हणाले.

"हे कोन्या दुसऱ्याची पोरगी हाये. आपली आली की मले बोलावजो."

आणि अर्ध्या शटरखालून वाकून निघूनही गेल्या.

वैशालीनं माफीच्या कागदांची घडी घालून ती पर्समध्ये टाकली. मग आमच्यासमोरच तिनं पुण्याला फोन लावला.

"सर, नमस्कार. वैशाली बोलतेय. मी खूप समजावून पाहिलं हो तिला. पण ती माफी मागत नाही म्हणते!"