अप्पा रेशीम शिकतात

लिंबागणेशच्या बाजारात सव्वीस वर्षं कापडाचं दुकान चालवलेल्या माणसानं पन्नाशीत अळ्यांना पाला घालायला जावं, हे गावाला काही पचेना. मृत्युंजयअप्पांना तरी कुठं पचत होतं म्हणा! पण लेकीसुना मोबाइलवर कापड मागवायला लागल्या, दुकानात माशा मारायची वेळ आली, आणि अप्पांनी एक दिवस शटर ओढलं ते कायमचंच. घरी बसवेना. तेव्हा सत्यशीलानं तिच्या रेशीम शेडवर बोलावलं. म्हणाली, "अप्पा, ह्या एका पिकापुरतं या. जमलं तर कायमचे ऱ्हा, न्हाई तर न्हाई."

सत्यशीला त्यांचीच जुनी गिऱ्हाईक. तिच्या लग्नाचा शालू अप्पांनीच मोठ्या ऐटीत उलगडून दाखवलेला. आता ती शिकवायची आणि अप्पा मान डोलवायचे. तुतीचा पाला ओला घालायचा नाही, अळ्या कात टाकत असताना हात लावायचा नाही, तंबाखू खाऊन शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. जन्मभर रेशीम विकलं, पण ते असं दिवसभर वचावचा पाला खातं हे अप्पांच्या गावीही नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं. अळ्या बोटाएवढ्या झाल्या, तीन-चार दिवसांत कोष करणार. कोषासाठी जाळ्या आणायला सत्यशीला सोमवारी सकाळीच बीडला गेली आणि शेड पहिल्यांदाच एकट्या अप्पांच्या हवाली झाली.

अप्पांची छाती फुगली. त्यात शंकराचा वार. आंघोळ झालेली, कपाळावर विभूतीचे पट्टे. एवढ्या कारभाराला उदबत्तीशिवाय हात कसा लावायचा? सव्वीस वर्षांत उदबत्ती लावल्याशिवाय त्यांनी कापडाला कात्री लावली नव्हती. त्यांनी दोन चांगल्या वासाच्या काड्या मधल्या रॅकला खोचल्या, हात जोडले आणि निवांत पाला तोडायला गेले.

तासाभरानं येऊन बघतात तर शेड गप्प. पाला तसाच पडलेला, अळ्या माना वर करून बसलेल्या, काहींच्या तोंडातून हिरवं पाणी. काड्या जळून संपल्या होत्या. राख झाडली असती, 'उकाड्यानं झालं' म्हटलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. तसं मनात आलंही, खोटं का बोला! पण अळ्यांकडं बघवेना. त्यांनी फोन लावला.

"सत्यशीला, माझ्या हातनं लई वाईट झालं बाई. आत उदबत्ती लावली मी."

"अगं आई! कावून लावली वो अप्पा?"

"सवय, दुसरं काय."

"त्या धुरानं मरत्यात अळ्या. आधी सगळे पडदे वर करा. पंखे लावा. जुना पाला काढून ताजा घाला. मी निघालेच."

अप्पा ह्या वयात धावले. घाम गळत होता, तोंडानं 'महादेवा, महादेवा' चालू होतं. सत्यशीला पोचली तोवर कडेच्या रॅकवर पाला खायला सुरुवात झाली होती. मधल्या दोन रॅकचं मात्र सगळं संपलं होतं. तिनं मेलेल्या अळ्या टोपल्यात भरल्या. ते बघून अप्पांनी चपला घातल्या.

"येतो मी. ह्या पिकापुरतंच बोलणं झालतं."

"कुठं निघालाव? बसा आधी." सत्यशीलानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "पयल्या साली माझी तीन पिकं मेली, अप्पा. सासरे इडी ओढून तसंच आत यायचे. मला ठावं न्हवतं, अन् त्यांनी कधी कबूल केलं न्हाई. मी आपली माझ्याच हाताला नावं ठेवत बसलते. रडले किती! तुमी लगेच सांगितलं म्हणून बाकीच्या जगल्या. उद्या सहाला या."

अप्पांना भरून आलं. दुकानाच्या शेवटच्या दोन वर्षांत गिऱ्हाईक 'उद्या येते' म्हणून जायचं ते जायचंच. त्यांना स्वतःला 'उद्या या' असं कुणी म्हटल्याला किती काळ लोटला होता!

"सहाला कावून?" ते डोळे पुसत म्हणाले, "साडेपाचलाच येतो की."