स्वयंपाकघराची भिंत

घर मागच्या बाजूला वाढवायचं ठरलं आणि इंजिनिअर नकाशा घेऊन आला. हॉलमध्ये तो, माझे यजमान आणि थोरले दीर बसले होते. मी आत चहा करत होते. बाहेर स्वयंपाकघर कसं असावं यावर बोलणं चाललं होतं, आणि त्यात रोज स्वयंपाक करणारी मी तेवढी नव्हते.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा इंजिनिअर म्हणाला, "मधली भिंत काढून ओपन किचन करूया. आता सगळीकडं तसंच करत्यात."

"नको," दीर म्हणाले. "फोडणीचा ठसका समद्या घरात जाईल. पावणं आलं की खरकटी भांडी दिसणार."

"व्हय, भिंत ऱ्हाऊ दे की," यजमान म्हणाले.

मी कप ठेवले आणि तिथंच उभी राहिले. डोकं तापलं होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीला बघायला जयसिंगपूरचे पाहुणे आले, तेव्हा मी याच भिंतीआड पोहे परतत होते. तिनं नोकरी सोडायची की ठेवायची, हा विषय बाहेर निघाला आणि 'बघू पुढं' म्हणून मिटलाही, हे मला नंतर कळलं. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले तोवर लग्न पक्कं करून सुपारी फोडायचा दिवस ठरला होता. लेक नुसती माझ्याकडं बघत होती. आज ती नोकरी सोडून सासरी घरात बसली आहे.

"मला भिंत नको," मी म्हणाले.

दीर माझ्याशी बोललेच नाहीत. भावाला म्हणाले, "जाहिराती बघून बोलतीया."

"जाहिराती न्हाय, इतकी वर्षं ही भिंतच बघितली," मी म्हणाले. "ठसका मला रोज लागतोय. तवा कुणी इंजिनिअर बोलावला नव्हता. रस्सा समद्यांनी खायचा आणि धूर मी एकटीनं, हे आता व्हायचं न्हाय."

इंजिनिअर चाचरत म्हणाला, "मधे सरकती काच लावूया का?"

"काचेतनं दिसतंय, ऐकू येत न्हाय."

यजमानांनी नकाशातल्या भिंतीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "काढा भिंत." दीर चहा न घेताच उठून गेले.

भिंत गेली. मोठी चिमणी बसवली, तरी मटण असलं की हॉलमध्ये सगळे खोकतात. खोकू देत.

परवा कागलचे पाहुणे आले होते. यजमान सोफ्यावरून त्यांना सांगत होते, "ओपन किचनची आयडिया माझीच की."

मी ओट्यावरूनच म्हणाले, "न्हाय पावणं, ह्यांना भिंत हवी होती."

पाहुण्यांना ती गंमत वाटली. मला वाटली नाही.