भेंडीचं टोक

अमरावतीच्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवते आहे. माणूस कशासाठी जगतो, या प्रश्नाचं उत्तर मला दहा गुणांसाठी देता येतं, पाच गुणांसाठी देता येतं, आणि वेळ पडली तर रिकाम्या जागा भरूनही देता येतं. माझी माय तीस वर्षं अकोल्याच्या बाजारात बारदान अंथरून भाजी विकायची. तिला हा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारला असता तर ती म्हणाली असती, आधी घ्यायचं काय ते सांगा.

लहानपणी शाळा सुटली की मी तिच्यामागे पोत्यावर बसून अभ्यास करायची आणि गिऱ्हाइकं बघायची. मनुष्यस्वभावावर पुढे मी जाडजाड पुस्तकं वाचली, पण त्या पोत्यावरून दिसलं नव्हतं असं फारसं काही त्यांत निघालं नाही. सोनाराकडे तो सांगेल त्या भावाला मान डोलावणाऱ्या बाया आमच्याकडे चार काड्या कोथिंबिरीसाठी पदर खोचून उभ्या राहायच्या. प्रवचनातून थेट येणाऱ्या तर विचारू नका. 'लोभ सोडा' हे ऐकून यायच्या, पण सोडायचा तो घरच्या माणसांनी, असा त्यांचा समज असावा. आणि प्रत्येकीला भेंडीचं टोक मोडून बघायचं असायचं. मोडायचं, नाक मुरडायचं, दुसरी उचलायची. बाजार उठताना मायपुढे बोडक्या भेंड्यांचा ढीग उरायचा आणि तो आमच्या ताटात यायचा. "मोडू नोका बाई, घ्याचं असन तं घ्या," हे वाक्य मी तिच्या तोंडून माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

मग मी शिकले, नोकरीला लागले, फ्लॅट घेतला आणि मला मायची लाज वाटू लागली. त्या वेळी मी तिला काळजी म्हणत होते, पण होती ती लाजच. प्राध्यापिकेची आई बाजारात भाजी विकते, हे कसं दिसतं? आता तू आराम कर, असं म्हणून मी तिला अमरावतीला उचलून आणलं. बारदानसुद्धा सोबत घेऊ दिलं नाही.

माय आराम करू लागली, म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीत नुसती बसू लागली. पहिल्या महिन्यात दोन भाकरींची एक झाली, दुसऱ्या महिन्यात एकीची अर्धी. बोलणं तर त्याहून कमी. डॉक्टरांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या तपासण्या केल्या आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. इकडे हिच्या गालांची हाडं वर येत होती. ही अशीच बसल्या बसल्या एक दिवस जाईल, या भीतीनं वर्गात शिकवताना माझे शब्द अडायला लागले.

भीतीवर मी माझ्याकडचं एकच औषध काढलं, उपदेश. मन गुंतवू नये, अपेक्षा ठेवू नये, असं रोज थोडं थोडं पाजलं. तेही लागू पडेना तेव्हा तिला कॉलनीतल्या सत्संगाला नेलं. तिथे एक महाराज डोळे मिटून तासभर 'मी कोण आहे, मी कोण आहे' असं विचारत होते. बाहेर आल्यावर माय दोन महिन्यांतलं पहिलं लांब वाक्य बोलली, "एवढा मोठा मानूस, अन् याले घरचे सांगत नाईत का?"

पुढच्याच आठवड्यात आमच्या गेटजवळ एक नवा भाजीवाला हातगाडी लावू लागला. दर्यापूरकडचा, चाळिशीचा, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरचं मांजर दचकावं. तो आवाज ऐकून माय खुर्चीतून उठली, चपला घातल्या आणि खाली गेली. मी गॅलरीतून बघत होते. तिनं भेंडी उचलली आणि टोक मोडलं. एकीचं नाही, चौघींचं. तीस वर्षं जिनं या एका गोष्टीपायी जगाचा उद्धार केला, तिनं! मग भाव सुरू झाला. हिनं भेंडीला लाकूड म्हटलं, त्यानं मावशीच्या दातांना दोष दिला, हिनं त्याच्या तराजूचा बाप काढला. सगळी कॉलनी कठड्याला टेकून ऐकत होती आणि मी पडद्यामागे लपले होते. अर्ध्या तासानं माय पाव किलो भेंडी घेऊन वर आली आणि दीड भाकर जेवली.

अडाणी माणसालाही एवढ्यावरून कळलं असतं. पण मी डॉक्टरेट केलेली आहे. मला फक्त कॉलनीचं हसू दिसलं आणि त्या गरीब माणसाचा मोडलेला धंदा दिसला. दुसऱ्या दिवशी माय उतरण्याआधी मी त्याला गाठून हळूच सांगितलं की मावशी म्हणेल त्या भावानं देत जा, वरचे पैसे मी देईन, हुज्जत घालू नकोस. तो हो म्हणाला.

त्या दिवशी मायनं निम्मा भाव सांगितला. तो म्हणाला, घ्या मावशी. तिनं आणखी उतरवला. तो पुन्हा म्हणाला, घ्या. माय पिशवी उघडी धरून तशीच उभी राहिली. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी खालून हाक आली आणि ती खुर्चीतून उठलीच नाही. भाकर परत अर्ध्यावर आली. खाली का जात नाहीस, म्हणून मी तिला विचारलं. 

"भाव न करता भाजी भिकाऱ्याले देतेत. मले काहून भिकारी केलं तुनं?"

तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तीस वर्षं जिनं गिऱ्हाइकांची तोंडं वाचली, तिच्याशी मी लपवाछपवी करायला गेले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ही म्हण मी वर्गात इतरांसाठी वापरत आले. त्या दिवशी तिचा अर्थ माझ्या घरात बसला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

सकाळी खाली गेले आणि भाजीवाल्यासमोर हात जोडले, पहिल्यासारखी हुज्जत घाल म्हटलं. तो उलट सुटल्यासारखा हसला. म्हणाला, मलेही करमत नव्हतं मॅडम, बाकीचे मोबाइल दाखवून पैसे देतात अन् चालले जातात, बोलते ती एक तुमची मायच. मग त्यानं आमच्या खिडकीकडे तोंड करून हाळी दिली की भेंडी महाग झाली, ज्याले परवडते त्यानंच उतरावं. जिन्यात चपलांचा आवाज झाला.

याला आता सहा महिने झाले. माय रोज सकाळी त्या गाडीजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसते, मेथीवर पाणी शिंपडते, आधी त्याच्याशी भांडते आणि मग त्याच्या बाजूनं सगळ्या कॉलनीशी. भाकरी मी आता मोजत नाही. माणूस कशासाठी जगतो, हे मी अजूनही शिकवते, पण जरा हळू आवाजात.

परवा पाहुणे यायचे होते. मी घाईघाईत खाली उतरले, गाडीवरची एक भेंडी उचलली आणि टोक मोडलं. हातावर फटकन चापट बसली.

"मोडू नोको बाई, घ्याचं असन तं घे."

"माय, मी आहे," मी म्हणाले.

"दिसून राहिलं मले. मोडली ते तुह्याच पिशवीत टाक."

आणि तिनं माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईला काय पाहिजे ते विचारलं.