नळाला कुलूप घालणारी दुभाषी

डॉक्टरने फळ्यावर दाखवायची काठी माझ्या आईच्या हनुवटीखाली घातली आणि तिचं तोंड वर उचललं.

"जीभ काढ," तो बंगालीत म्हणाला.

आईला बंगाली येत नव्हतं. त्याने काठीचं टोक तिच्या ओठांवर दाबलं. ओठ फुटला. समोरचे विद्यार्थी खाली मान घालून लिहीत होते.

आईच्या पायाखाली वर्तमानपत्र पसरलं होतं. व्यासपीठावरचा गालिचा बाटू नये म्हणून. अस्पृश्यता कायद्याने मेली होती म्हणे. आणि कलकत्त्यातल्या एका विद्यापीठाच्या दालनात, मागास वस्त्यांच्या आरोग्यावरच्या सभेत, माझी आई वर्तमानपत्रावर उभी होती. मी मागे भिंतीला चिकटून उभी. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण आमच्यासाठी नव्हत्या.

आम्ही साताऱ्याकडचे महार. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत दादा, माझे वडील, कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या छावणीत सफाईच्या कामाला आले. मी तेव्हा आईच्या अंगावर पीत होते. आई साहेबलोकांच्या बंगल्यांचे संडास साफ करायची. त्या बंगल्यांत एक मराठी घर होतं, पुण्याचं. साहेब दिल्ली सरकारचे मोठे अधिकारी. त्यांची बायको, आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो. आपल्या मुलखाची बाई म्हणून आईला तिचं कोण कौतुक!

त्यांच्या बंगल्यामागे कामकऱ्यांसाठी सरकारी नळ होता. आमचे हात लागतात म्हणून बाईसाहेबांनी त्याभोवती पत्र्याची पेटी ठोकून घेतली आणि कुलूप घातलं. त्यांच्या गड्याच्या मनात आलं तर तो वरून पाणी ओतायचा. नाही आलं तर डबकं. त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ पटकीने गेला. संध्याकाळी खेळत होता, सकाळी त्याला पुरला. दादा पेटी फोडायला गेले तर चौकीदाराने काठीने त्यांचा हात ठेचला. त्या हाताची मूठ पुन्हा कधी वळली नाही.

आणि एक दिवस बाईसाहेब आमच्या झोपडीपुढे आल्या. सभेवाल्यांना दाखवायला वस्तीतली एक बाई हवी होती, आणि बाईसाहेबांना समाजसेवा करायची होती.

"सभेला चल. डॉक्टर विचारतील ते सांग. मग नळ उघडून देते."

आईने लग्नातलं लुगडं बाहेर काढलं, मलाही बरोबर घेतलं. नळ मिळणार म्हणून ती सियालदा स्टेशनापर्यंत गाडीत हसत होती.

सभेत डॉक्टरने विचारलं, मूल कशाने गेलं? दुभाषी म्हणून शेजारी उभ्या बाईसाहेबांनी ते मराठीत सांगितलं. आईने फुटलेला ओठ पदराने पुसला.

"नळाला कुलूप हाय, बाईसाहेब. तुमाला ठावं हाय. डबक्याचं पानी पिऊन माजं लेकरू गेलं."

बाईसाहेब सभेकडे वळल्या. बंगालीत, गोड आवाजात म्हणाल्या, "ती म्हणते, नळाचं पाणी यांना बेचव लागतं. डबक्याचंच आवडतं. मूल देवीच्या कोपाने गेलं असं ती मानते."

दालन हसलं. डॉक्टरही हसला. आईला वाटलं, आपलं गाऱ्हाणं पोचलं. तीही हसली.

ते तिचं हसू मी जन्मात विसरणार नाही.

बाईसाहेबांचा एकच हिशेब चुकला. आमच्यासारख्यांना बंगाली कुठून येणार, असं त्यांनी धरलं होतं. मी तिथल्या पोरींशी भांडता भांडता बंगाली शिकले होते. शिव्यांसकट.

मी बंगालीत ओरडले, "खोटं! नळाला कुलूप हिनेच घातलंय! किल्ली बघा, तिच्या कमरेला आहे!"

"हिला बाहेर काढा," डॉक्टर म्हणाला. एवढंच. किल्लीबद्दल कुणी विचारलं नाही.

मी व्यासपीठावर चढले. बाईसाहेबांनी माझ्या कानाखाली जाळ काढला. "गप्प बस, कार्टे! उद्यापासून तुझ्या आईला काम नाही!" मी तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा धरला आणि हिसडून काढला. निऱ्या सुटल्या. ती किंचाळली. डॉक्टरची काठी माझ्या पाठीवर बसली, पुन्हा बसली, मोडली. खाली पडलेला तुकडा मी उचलला आणि त्याच्या हातात खुपसला. रक्त आलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

शिपायांनी आम्हा दोघींना केसांना धरून जिन्यावरून फरफटत खाली आणलं. आईचं कपाळ कठड्यावर आपटलं. जुडगा मी मुठीतून सोडला नाही.

गाडीत आई कपाळावरचं रक्त पुसत होती. बराकपूर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "काय सांगितलं गं तिनं माज्या नावानं?"

मी शब्दन् शब्द सांगितला. डबक्याचं पाणी आवडतं, हेसुद्धा.

आईने माझी मूठ उघडली, जुडगा घेतला आणि खिडकीबाहेर भिरकावला.

"आये! किल्ली होती ती!"

"तिच्या किल्लीनं उगडला तर नळ तिचाच ऱ्हातो."

उतरल्यावर तिने रुळांच्या कडेचा मोठा दगड पदरात घेतला. भर दिवसा, बाईसाहेबांच्या गड्यादेखत, तिने पेटी ठेचायला सुरुवात केली. चौकीदार धावत आला. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि सोडला नाही. त्याने मला लाथा घातल्या. दादा आले, मागून सगळी वस्ती आली. पत्रा उघडला. आईने ओंजळ धरली आणि पोट भरून पाणी प्याली. मग माझं तोंड धरून मला पाजलं. पाण्यात रक्त होतं, माझं की चौकीदाराचं कोण जाणे.

आईचं काम गेलं. दादांना ठाण्यावर नेऊन पट्ट्याने मारलं. नवी पेटी आली, नवं कुलूप आलं. आम्ही तेही फोडलं.

तेव्हापासून माझं ठरलंय. आमच्या दुखण्यावर कुणी सभा भरवली, तर तोंड आमचं चालणार. आमच्या आणि सभेच्या मध्ये जो कुणी उभा राहील, त्याला आधी आडवा करीन. मग बोलेन.