न सडणारा रुमाल

आईला बस लागते. म्हणून डब्लिनहून निघालेल्या सहलीच्या बसमध्ये तिला गाईडच्या मागची पहिली सीट दिली आणि शेजारी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला बसवलं. मी पार मागे. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. अमरावतीहून आलेली आई तीन महिने मला प्रश्न विचारून भंडावत होती. नातीला मात्र ती काही विचारायची नाही. नातीला मराठी कळतं, पण उत्तर येतं इंग्रजीत. मग आई नुसती हसायची. गुरुवारी ती परत जाणार होती आणि दोघींचं बोलणं अजून त्या हसण्यापुढे गेलं नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पहिला थांबा एका पडक्या मठाचा. वर छप्पर नाही, आत गवत. आईने दारातच बूट काढले आणि मोज्यांनिशी ओल्या गवतात शिरली. गाईड बघतच राहिला.

"शी थिंक्स इट्स अ टेंपल," लेक म्हणाली.

"ग्रँड," म्हणत त्याने स्वतःची टोपी काढली.

"छप्पर कुठी गेलं? दिवा कोन लावते इथं?" आईचं सुरूच.

"मला खरंच माहीत नाही गं," मी वैतागून म्हटलं आणि तिचे बूट उचलले.

मठामागे एक पवित्र झरा होता. त्याच्यावर वाकलेलं काटेरी झाड, आणि फांद्यांना चिंध्याच चिंध्या. हे काय आहे, ते आईला कुणी समजवायला नको होतं. तिने पर्समधला गुळगुळीत रुमाल काढून फांदीला बांधला, डोळे मिटले, हात जोडले. गाईडने तो रुमाल चाचपला आणि लेकीला काहीतरी सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी लांब होते.

"आजी," ती अडखळत म्हणाली, "कॉटन पाहिजे. चिंधी सडते, मग दुखणं जाते. तुझा सडणार नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली. "काऊन नाही सडनार?"

"प्लास्टिक आहे!"

दोघी खो-खो हसल्या. मी धावत जाऊन गळ्यातला सुती स्कार्फ पुढे केला. "आई, हा बांध. गुडघ्यासाठीच मागितलंस ना?"

"गुडघ्याचं कोनं मांगतलं?" तिने स्कार्फकडे बघितलंसुद्धा नाही. "झालं माहं काम."

मग नातीचा हात धरून ती गाईडच्या मागे निघाली, तशीच, ओल्या मोज्यांनी.

"सांग वं बाई, आनखी काय म्हन्ते तो?"