शहागडच्या मामाची खोटी वऱ्हाडं

लहानपणापासून आई मला चोंबडी म्हणत आली. मस्तगडातल्या आमच्या गल्लीत कुणाचं भांडण कशावरून झालं, हे भांडणाऱ्यांच्या आधी मला ठाऊक असायचं. सत्तरच्या दशकात मास्तरीण होऊन शहागडला रुजू झाले, तेव्हा ही खोडही पेटीत कपड्यांबरोबर आलीच.

गावात खोली मिळेना. आडनाव ऐकलं की घरमालकाचा भाचा नेमका शिकायला यायचा असायचा. बौद्धांची मुलगी घरात नको, असं तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, भाचा पुढे करायचे. एका दिवसात तीन घरचे तीन भाचे झाले आणि माझं डोकं सणकलं. चौथ्या घराच्या ओट्यावर एक पस्तिशीची बाई तूर पाखडत बसली होती. तिनं आडनाव विचारलंच नाही. "बाई, सैपाक ष्टोव्हवर करता का चुलीवर? धूर मला बिलकुल सोसत न्हाई," एवढंच म्हणाली. मी स्टोव्ह म्हणाले आणि त्या घरात राहायला गेले. तिला मी आक्का म्हणायचे, ती मला बाई.

दुसऱ्या दिवशी रॉकेल आणायला गेले, तर मी कुठे राहते हे ऐकून किराणा दुकानदारानं हातातलं मापच खाली ठेवलं.

"मामाच्या घरात राह्यल्या तुम्ही? अरे वा! मंग जागा पाह्यल्या का न्हाई त्याच्या?"

हा मामा म्हणजे आक्काचा सख्खा मामा. आईबाप गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं होतं. मी गावात जायच्या दोन-तीन वर्षं आधी तो वारला होता, तरी गावाच्या तोंडून अजून उतरला नव्हता. दारूबंदीच्या कडक वर्षांत गोदावरीच्या दोन्ही काठांना त्याची हातभट्टीची दारू जायची. पोलिसांनी किती वेळा धरला, किती वेळा सुटला, याचा हिशोब जो तो आपापल्या मर्जीनं सांगायचा. आता दारूची दुकानं राजरोस उघडली होती, हातभट्टीची ती शान राहिली नव्हती, पण मामाच्या जागा मात्र देवळांसारख्या दाखवल्या जात. ट्रकवालेसुद्धा हमरस्त्यावर गाडी लावून विचारायचे, "ओ, वो मामा का ठिकाना किधर है?"

मला तर एवढं निमित्त पुरे होतं. दर रविवारी मी एकेक जागा बघून यायचे. दुकान बायकोच्या स्वाधीन करून दुकानदार स्वतः दाखवायला निघे. नाल्यातल्या बाभळीखाली भट्टीचे काळे दगड होते. पोलिसांची जीप चिखलात रुतली, तो खड्डा होता आणि त्याला सगळं गाव जीपखड्डाच म्हणायचं. भट्टीपाशी मी एक खापर उचलून हुंगलं. दारूचा, नवसागराचा काहीतरी वास येईल अशी माझी आशा. वास आला तो शेळीचा. दुकानदार इतका हसला की त्याला खोकला लागला.

मामाची खरी हुशारी म्हणे वऱ्हाडात होती. दुसरे लोक अंधारात लपतछपत माल न्यायचे आणि सापडायचे. मामा भर दुपारी, वाजतगाजत न्यायचा. पुढे हलगी, मागे बैलगाड्या, गाड्यांत लुगडी नेसलेल्या बायका, रुखवताच्या पाट्या आणि मधल्या गाडीत मुंडावळ्या बांधलेली, हळदीनं पिवळी झालेली नवरी. तिच्याखाली कडबा आणि कडब्याखाली दारूनं भरलेल्या मोटारीच्या ट्यूबा. नवरीला गाडीतून उठवून खालचा कडबा उचकायची हिंमत नाक्यावरच्या कुठल्या शिपायाची होणार? तो बुंदीचा लाडू घ्यायचा आणि गाड्या सोडायचा.

"एका उन्हाळ्यात तर त्या शिपायानं इचारलं," दुकानदार डोळे पुसत म्हणाला, "की या गावात पोरी हायेत तरी किती?"

आणि मामा दिलदारही तसाच. ज्या घरात लग्नाला पैसा नसेल तिथे पातळ, भांडी, पंगतीचा खर्च सगळा त्याचा. दुकानदाराचं स्वतःचं लग्न मामानं लावून दिलेलं होतं. गल्लीतल्या आणखी कितीतरी बायका मामाच्या पैशानं बोहल्यावर चढल्या होत्या, आणि हे दुकानदार अभिमानानं सांगे.

"आणि गाडीतली ती नवरी कोण असायची?" मी विचारलं.

"असंल कुनीतरी. घरातलीच," तो म्हणाला आणि मला मामाची माल दडवायची विहीर दाखवायला पुढे चालू लागला.

जीपचा नंबरसुद्धा पाठ असलेल्या माणसाला नवरी आठवत नाही म्हणजे काय! मला राहवेना. घरी येऊन मी आक्काला सरळ विचारलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच की. दुसरी कोन आनायची त्यानं?"

तेव्हा माझ्या एकेक गोष्ट ध्यानात आली. संक्रांतीला शेजारच्या अंगणात हळदीकुंकू होतं. सतरंजी आक्कानं घातली, तिळगुळाचं ताट आक्कानं भरलं आणि बायका जमल्यावर ती मागच्या दारानं घरी आली. कुणी थांब म्हटलं नाही. ती सवाष्ण नव्हती, विधवा नव्हती आणि कुमारिका म्हणावं तर अंगाला हळद लागलेली. खोट्या लग्नाची हळद असली तरी लागली ती लागली, आणि एकदा लागलेली हळद दुसऱ्यांदा लावत नाहीत, असं गावानं कधीतरी ठरवून टाकलं होतं. तिला मागणं येत नव्हतं ते यामुळे.

"पहिल्या खेपेला तर मला सांगितलंच नव्हतं," आक्का म्हणाली. "चौदाची आस्सन मी. मला वाटलं, मामानं खरंच लगीन ठरवलं. अशी रडले, अशी रडले, की शिपायाच्या बी डोळ्यांत पानी आल्तं. नदीपल्याड गेल्यावर गाड्या रित्या केल्या आन् मला म्हनाला, उतर, झालं."

मला इतका संताप आला की मी मामाला चार शिव्या हासडल्या. आक्कानं मला गप्प केलं. मामा वाईट नव्हता म्हणाली. मरायच्या आधी त्यानं तिला शपथेवर सांगितलं होतं, की खोट्या लग्नाला खरी हळद त्यानं कधी वापरली नाही. देवाला भिऊन तो दरवेळी भिंती सारवायची पिवळी माती कालवायचा. हे त्यानं गावालाही सांगून पाहिलं होतं. पण जन्मभर नाक्यावर खोटं बोललेल्या माणसावर गावानं विश्वास कशाला ठेवावा? एकट्या आक्कानं ठेवला. त्या पिवळ्या मातीच्या भरवशावर ती आजवर ताठ मानेनं जगत आली होती.

त्याच उन्हाळ्यात तिला मागणं आलं. पिंपळगाव रेणुकाईचा एक बिजवर, थोडी शेती असलेला, मूलबाळ नसलेला. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि त्याची काही हरकत नव्हती. हरकत होती त्याच्या आईची. म्हातारीनं एकच अट घातली. नवरीला तिच्याच गावच्या पाच सवाष्णींच्या हातची हळद लागली पाहिजे, तरच ती सून म्हणून उंबरा ओलांडेल. अट साधीच होती, पण आक्कासाठी नेमकी तीच अवघड. निरोप आला त्या दिवशी तिनं दोनदा भाजीत मीठ घातलं. मला तिचा आनंद बघवत नव्हता, इतकी मला भीती वाटत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं सात जणींना बोलावलं. आल्या सगळ्या. ओसरीवर बसल्या, चहा प्याल्या. मधे पाटावर आक्का आणि तिच्यापुढे कालवलेल्या हळदीची वाटी. वाटीला हात कुणी लावेना. शेवटी सगळ्यांत वडील म्हणून दुकानदाराची बायको बोलली, "आक्का, राग नको मानू. एकदा लागलेली हळद पुन्यांदा लावायची म्हंजे पाप आमच्या माथी येतं."

"ती हळद नव्हतीच!" मीच ओरडले. "माती होती माती! आत्ता दाखवते."

आदल्या रात्रीपासून माझ्या डोक्यात घोळत होतं ते मी बोलून बसले. हळदीला चुना लावला की ती लाल होते, कुंकू करतात ते तसंच, हे ओसरीवरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मातीला कितीही चुना लावा, पिवळीच राहते. आक्काच्या पेटीत तिची नवरीची चोळी होती, हिरव्या खणाची, आतून पांढऱ्या मांजरपाटाचं अस्तर. अस्तराला गळ्यापाशी पिवळे डाग होते, तिनंच मला कधीतरी दाखवले होते. त्या डागांवर चुना लावू, म्हटलं, आणि एकदाचा निकाल लावू.

आक्कानं एका शब्दानं अडवलं नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर असा उजेड आला, जणू हे इतक्या वर्षांत आपल्याला कसं सुचलं नाही! तिनं स्वतः चोळी आणली, उलटी केली आणि सगळ्यांना दिसेल अशी मांडीवर पसरली. एकीच्या चंचीतून मी चुना घेतला, पाण्याचा थेंब टाकला आणि बोटानं डागावर फिरवला.

डाग लाल झाला.

मी दुसऱ्या डागावर बोट फिरवलं. तोही लाल झाला. सात बायका वाकून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शहाणपणानं तिच्याजवळ होतं नव्हतं ते मी सगळ्यांसमोर काढून घेतलं होतं.

आक्कानं त्या लाल डागावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "पहिल्या खेपेची हाय ही चोळी. मला खरं वाटावं म्हनून एवढं केलं त्यानं, तर हळद तरी खोटी कशाला आनंल? माझ्याच ध्यानात यायला पाह्यजे होतं."

तिनं चोळीची घडी घातली. बायका उठायच्या बेतात होत्या. आक्का दुकानदाराच्या बायकोकडे वळली.

"तुझ्या लग्नाचं पातळ कुठून आल्तं?"

"मामानं दिल्तं," ती खाली बघत म्हणाली.

"आन् तुझी भांडी?" आक्कानं शेजारच्या बाईला विचारलं.

"मामानंच."

"मामानं कशातून दिल्ती?"

बाहेर हमरस्त्यावर एक ट्रक हॉर्न वाजवत होता.

"मी गाडीत बसले म्हनून तुमच्या अंगाला हळद लागली," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पाप व्हतं तर तवाच व्हतं, आन् त्यात तुमचा बी वाटा हाय. आता माझ्या अंगाला लावायची पाळी तुमची. मी काई फुकट मागून न्हाई राह्यले."

दुकानदाराची बायको गुडघ्यावर हात टेकत उठली, वाटीत बोटं बुडवली आणि आक्काच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत हळद ओढली. ती रडत होती की काय, मला नीट दिसलं नाही. तिच्यामागं तिची शेजारीण उठली. मग आणखी दोघी. उरलेल्या तिघी मात्र पदर सावरत, घरी दूध उतू जाईल असं काहीतरी पुटपुटत निघून गेल्या. चार झाल्या. पाचवी नव्हती.

कुणाला बोलवावं म्हणून बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आक्का माझ्याकडे बघत होती.

"बाई, या."

"आक्का, मी कुठली सवाष्ण?" मी दचकून म्हणाले. "माझं लग्नच व्हायचंय. आणि आमच्यात हे असलं..."

"मी तरी कोन हाय, ते या गावाला इतक्या वर्सांत ठरवता आलं का? पिंपळगावच्या म्हातारीला पाच हात पाह्यजेत. या जल्दी, हळद वाळून राह्यली."

मी दुकानदाराच्या बायकोकडे बघितलं. ती आता अडवणार, असंच मला वाटलं. तिनं वाटी उचलली आणि माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हातांत हळद घेतली आणि आक्काच्या गालांना लावली. तिच्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं, त्यामुळे हळद बसेना, आणि मी पुन्हा पुन्हा लावत राहिले.